शाबासकी आणि शेरा

शाळाखात्यात ज्यांचे आयुष्य गेले त्यांना शेरेबुक म्हणजे काय हे सांगावयास नको. इतरांसाठी सांगतो. तपासणीस आलेले अधिकारी वर्ग पाहत, मुलांना दोनचार प्रश्न विचारीत, हजेरीपत्रकावरून नजर फिरवीत आणि जाताना एका जाड वहीत आपला अभिप्राय लिहून खाली सही करीत. ती वही म्हणजे शेरेबुक. नोकरीच्या काळात अशा पुष्कळ वह्या माझ्या हाताखालून गेल्या, आणि त्या सर्वांत एक गोष्ट मला सारखीच आढळली. वर्ग उत्तम चालला असेल तर शेरा एका शब्दाचा असे : ‘ठीक’. फळ्यावरची तारीख चुकली असेल, कोपऱ्यात कचरा असेल किंवा एखाद्या नोंदीवर सही राहिली असेल, तर मात्र अर्धे पान भरे. लिहिणारे अधिकारी दुष्ट होते असे मुळीच नाही. त्यांतील कित्येक फार सज्जन होते. दोष दिसला की लिहावयाचे, आणि गुण दिसला की ‘हे तर अपेक्षितच होते’ असे समजून पुढे जावयाचे, ही रीत त्यांनी घातलेली नव्हती. ती त्यांच्याकडे चालत आलेली होती.

आपल्या कचेऱ्यांत आणि कारखान्यांत आजही बहुतांशी हीच रीत आहे. उशीर झाला तर मेमो मिळतो. हिशेब चुकला तर कारणे दाखवा अशी नोटीस येते. परंतु ‘आपण हे काम इतके नीटनेटके कसे केले, याची कारणे तीन दिवसांत दाखवावीत’ अशी नोटीस कोणास आल्याचे माझ्या ऐकिवात नाही. चुकीला कागद आहे, जावक क्रमांक आहे, शिक्का आहे. चांगल्या कामाला यांतले काहीच नाही. आजचा माझा विषय हा आहे. कामाच्या जागी आपण एकमेकांशी कोणत्या शब्दांत बोलतो, चांगल्या कामाची दखल कशी घेतो किंवा घेत नाही, आणि त्याने प्रत्यक्ष कामाचे काय होते, हे पाहावयाचे आहे.

प्रथम शब्दांकडेच पाहू. ‘शाबास’ हा शब्द आपण फारसीतून घेतला. त्याचे मूळ रूप ‘शादबाश’, म्हणजे ‘आनंदी राहा’. तो एक प्रकारचा आशीर्वादच आहे. ‘दखल’ हा अरबी. त्याचा मूळ अर्थ प्रवेश. एखाद्याच्या कामाची दखल घेणे म्हणजे त्या कामाला आपल्या मनाच्या दारातून आत येऊ देणे, असे म्हटले तर भाषाशास्त्री रागावणार नाहीत. ‘कौतुक’ हा संस्कृत शब्द मला सर्वांत मोलाचा वाटतो. संस्कृतात त्याचा अर्थ कुतूहल, नवल. मराठीत तो स्तुतीच्या अर्थी रूढ झाला, पण जुना अर्थ अजून आत शिल्लक आहे. नवल वाटल्यावाचून कौतुक होत नाही, आणि नवल वाटावयाचे तर आधी नीट पाहावे लागते. ज्याने पाहिलेच नाही तो स्तुती करू शकेल, कौतुक करू शकणार नाही.

आता आपला स्वभाव पाहा. आभार मानण्याची आपल्याला सवय नाही. घरात तर ते परकेपणाचेच वाटते; आईने ताट वाढले म्हणून कोणी तिचे आभार मानू लागला तर ती त्याच्या कपाळाला हात लावून ताप पाहील. सभेत आपण आभारप्रदर्शन ठेवतो, पण ते अगदी शेवटी, जेव्हा श्रोते जागेवरून उठून आपापली पादत्राणे शोधू लागलेले असतात. याचा अर्थ आपण कृतघ्न आहो असा नव्हे. पोळ्याच्या आदल्या दिवशी आपला शेतकरी बैलाचे खांदे हळद आणि तूप लावून चोळतो आणि दुसऱ्या दिवशीच्या जेवणाचे त्याला रीतसर आमंत्रण देतो. खंडेनवमीला लेथ यंत्राला झेंडूचा हार चढतो, सुताराच्या रंध्याला कुंकू लागते. ज्या समाजाने करवतीचीही पूजा बांधली त्याला कृतज्ञता ठाऊक नाही असे कोण म्हणेल? परंतु ती कृतज्ञता आपण सणाच्या दिवसापुरती राखून ठेवली आहे. आणि रंध्याला कुंकू लावताना रंधा चालविणाऱ्या हाताला काय म्हणावयाचे, हे आपल्याला सुचत नाही.

सुचते तेव्हा कसे सुचते, तेही पाहण्याजोगे आहे. ‘आज तरी वेळेवर आलात!’ या वाक्यात वरकरणी दोष कोठेच नाही. पण तो ‘तरी’ पाहा. त्या दोन अक्षरांत मागच्या सगळ्या उशिरांची यादी भरली आहे. ‘तुम्हालाही जमले की!’ यातला ‘ही’ तसाच. ‘तुम्हाला जमले’ म्हटले असते तर ती शाबासकी झाली असती. ‘ही’ लावताच ते आश्चर्य झाले, आणि आश्चर्यात अवज्ञा आली. ‘एवढे बरे केलेत’ यातल्या ‘एवढे’ने बाकीचे सगळे वाईट केले असे सांगून टाकले. आणि या सर्वांचा राजा म्हणजे ‘पण’. ‘अहवाल चांगला झाला आहे, पण…’ असे वाक्य सुरू झाले की ऐकणाऱ्याचे कान ‘पण’ पाशी टवकारतात आणि त्याच्या आधीचे सारे वाहून जाते. मी वर्गात कित्येक वर्षे मुलांना असेच सांगत आलो : ‘अक्षर छान आहे, पण शुद्धलेखन पाहा.’ त्यांतील एकाही मुलाला आपले अक्षर छान असल्याचे आज आठवत असेल असे मला वाटत नाही. दोन्ही गोष्टी खऱ्या असतील तर त्यांची दोन वाक्ये करावीत, मध्ये थोडा वेळ जाऊ द्यावा, आणि शक्य तर दुसरी गोष्ट माणसाला बाजूला नेऊन सांगावी.

उलट आपल्या भाषेत एक मोठी सोयही आहे. ‘तू ही नोंद केली नाहीस’ असे म्हणता येते, तसेच ‘ही नोंद राहून गेली’ असेही म्हणता येते. पहिल्या वाक्यात आरोपी उभा आहे. दुसऱ्यात केवळ राहिलेले काम आहे आणि ते पुरे करण्यास वाव आहे. ‘का केले नाही?’ या प्रश्नाला सबबच उत्तर म्हणून येते, कारण तो प्रश्न सबबच मागतो. ‘हे पुरे व्हायला काय अडते आहे?’ असे विचारले तर अडचण कळते. हा निव्वळ गोडवा नव्हे. पहिल्या प्रश्नानंतर वरिष्ठाच्या हाती राग उरतो. दुसऱ्यानंतर माहिती येते.

या गोष्टी केवळ माझ्या अनुभवावरून सांगितल्या तर आपण म्हणाल, म्हाताऱ्या मास्तरांच्या या गोष्टी. म्हणून एक प्रयोग सांगतो. अमेरिकेतील मानसशास्त्रज्ञ एलिझाबेथ हर्लॉक यांनी १९२५ साली तो प्रसिद्ध केला. त्यांनी चौथी व सहावीच्या शंभरावर मुलांचे चार गट केले आणि लागोपाठ पाच दिवस त्यांना बेरजा घातल्या. एका गटाला रोज सर्वांसमक्ष शाबासकी दिली. दुसऱ्याला रोज सर्वांसमक्ष बोल लावले. तिसऱ्या गटाला त्याच खोलीत बसविले, पण त्याला कोणी चांगलेही म्हटले नाही, वाईटही नाही. चौथा गट वेगळ्या खोलीत होता. परिणाम असा झाला की, शाबासकी मिळालेला गट सर्वांत पुढे गेला आणि चढत राहिला. बोल खाल्लेला गट प्रथम खडबडून जागा झाला, त्याच्या बेरजा सुधारल्या, आणि मग तो घसरू लागला. रागावणाऱ्यांचा गैरसमज कोठून होतो हे येथे कळते. रागावल्याचा गुण दुसऱ्या दिवशी दिसतो, म्हणून ते औषध लागू पडले असे वाटते. पाचव्या दिवशी तपासावयास कोणी जात नाही.

परंतु माझे लक्ष खिळले ते तिसऱ्या गटावर. ज्यांना कोणी काहीच म्हटले नाही, ते बोल खाणाऱ्यांच्याही मागे राहिले. शेजारच्या बाकाला शाबासकी मिळते, समोरच्या बाकाला रागावतात, आणि आपण असलो काय, नसलो काय! आपल्या कचेऱ्यांत या तिसऱ्या गटाचीच वस्ती फार. ही माणसे नेमाने येतात, काम उरकतात, जातात. त्यांच्याविषयी तक्रार नसते, म्हणून त्यांच्याशी बोलण्याचे कारणच पडत नाही.

शिकागोजवळच्या हॉथॉर्न येथील कारखान्यात १९२४ पासून झालेले प्रयोग याहून प्रसिद्ध आहेत. दिवे वाढविले तरी काम वाढले, कमी केले तरी वाढले. तेव्हा कामगारांना उजेडापेक्षा कोणी आपल्याकडे लक्ष देत आहे हेच मोलाचे वाटले, असा निष्कर्ष काढण्यात आला. पुढे अभ्यासकांनी त्या आकड्यांविषयी बऱ्याच शंका काढल्या, तेव्हा मी त्या गोष्टीवर फार भार ठेवीत नाही. त्यापेक्षा २०१० साली ॲडम ग्रँट व फ्रान्सेस्का जिनो यांनी प्रसिद्ध केलेला प्रयोग अधिक नेमका आहे. एका विद्यापीठासाठी माजी विद्यार्थ्यांना दूरध्वनी करून देणग्या मागणारे पगारी लोक होते. त्यांतील एका गटाला विभागाच्या प्रमुख बाई येऊन भेटल्या आणि तुमच्या कष्टांबद्दल मी आभारी आहे, एवढेच म्हणाल्या. पुढच्या आठवड्यात त्या गटाने केलेले दूरध्वनी निम्म्याहून अधिक वाढले. ज्या गटाला कोणी भेटले नाही त्याचे होते तितकेच राहिले. पगार दोघांचाही पूर्वीचाच होता.

परदेशाची उदाहरणे पुरे. आपल्या महाराष्ट्रात या विषयाचा जितका विचार झाला तितका क्वचितच कोठे झाला असेल, आणि तो एका चित्रकलेच्या विद्यार्थ्याने केला. लक्ष्मणराव किर्लोस्कर मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत चित्रकला शिकावयास गेले होते. डोळ्यांना काही रंगांतला भेद कळत नाही असे आढळल्यावर ते यंत्रांच्या रेखाटनाकडे वळले आणि व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये शिक्षक झाले. तेथे बढतीची वेळ आली तेव्हा त्यांना डावलून ती जागा दुसऱ्यास देण्यात आली. लक्ष्मणरावांनी राजीनामा दिला आणि बेळगावचा रस्ता धरला. एका माणसाच्या कामाची दखल घ्यावयाची राहून गेली, आणि त्यातून पुढे लोखंडी नांगर, पंप आणि एक संपूर्ण गाव निर्माण झाले. सर्वांच्याच अपमानातून असे काही निघत नाही. बहुतेक माणसे राजीनामा देत नाहीत. ती जागेवर बसून राहतात आणि मनाने निघून जातात. त्यांचा हिशेब कोणत्याच वहीत सापडत नाही.

१९१० साली औंध संस्थानात, कुंडल रोड स्टेशनाजवळ, निवडुंगाने आणि सापांनी भरलेल्या माळावर किर्लोस्करवाडी वसली. जमीन औंधच्या अधिपतींनी दिली. तेथे लक्ष्मणरावांनी जे केले त्यातले एकच कृत्य सांगतो. ज्यांच्यावर गुन्हेगारीचा शिक्का बसला होता अशा माणसांना त्यांनी रात्रीचे पहारेकरी नेमले. विचार करून पाहा. गावात ज्याचे नाव ‘चोर’ पडले आहे, त्याला काल ज्या कुलुपाची भीती घातली जात होती, त्याच कुलुपाची किल्ली आज त्याच्या हाती आली आणि त्याचे नाव ‘पहारेकरी’ झाले. येथे स्तुतीचा एकही शब्द उच्चारलेला नाही. पदाचे नावच शाबासकी झाले. आणि ती शाबासकी कामाच्या आधी दिली गेली, नंतर नव्हे. पुढे १९३९ साली त्याच औंध संस्थानात, आटपाडीजवळ, स्वतंत्रपूर ही कैद्यांची मोकळी वसाहत उभी राहिली, व्ही. शांताराम यांचा १९५७ मधील ‘दो आँखें बारह हाथ’ हा बोलपट त्याच प्रयोगावरून स्फुरलेला आहे. ती हवाच काही निराळी होती.

किर्लोस्करवाडीतच १९२० साली ‘किर्लोस्कर खबर’ हे पत्र निघाले. शंकरराव किर्लोस्कर त्याचे संपादक. पुढे ‘किर्लोस्कर’ मासिक म्हणून ते घरोघरी पोहोचले हे सर्वांस ठाऊक आहे, पण आरंभी ते कारखान्याचे घरचे पत्र होते. माळावरच्या एका ओतशाळेने आपली खबर छापण्याजोगी आहे असे मानले, ही गोष्ट मला साधी वाटत नाही. आजही पुष्कळ कारखाने अशी पत्रे काढतात. त्यांत बहुधा पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत व्यवस्थापक फीत कापताना दिसतात.

शाबासकीच्या नाण्याला खोटेपणाही फार लवकर चिकटतो. सरकारी नोकरीत दरवर्षी गोपनीय अहवाल लिहिण्याची पद्धत आहे. वर्षानुवर्षे नियम असा होता की प्रतिकूल शेरा असेल तरच तो कर्मचाऱ्यास कळवावा. म्हणजे वरिष्ठाने वाईट लिहिले तर ते हाती पडे, आणि चांगले लिहिले तर ते कपाटात बंद राही! ज्याने ही योजना केली त्याने शाबासकीला सरकारी गुपित ठरविले होते. सीमा रस्ते विभागातील एका अभियंत्याचा दावा २००८ साली सर्वोच्च न्यायालयापुढे आला. ‘देव दत्त विरुद्ध भारत सरकार’ या नावाने तो प्रसिद्ध आहे. त्या गृहस्थांच्या १९९३-९४ च्या अहवालात ‘चांगला’ असा शेरा होता. ‘चांगला’ हा प्रतिकूल नव्हे, म्हणून तो त्यांना कळविला नाही. बढतीसाठी मात्र ‘फार चांगला’ हवा होता. सबब ‘चांगला’ या शेऱ्यानेच त्यांची बढती अडली, आणि ते त्यांना वेळेवर कळलेही नाही. न्यायालयाने निकाल दिला की चांगला, वाईट, मध्यम, कोणताही शेरा असो, तो ज्याचा त्याला कळविलाच पाहिजे. २०१३ साली तीन न्यायमूर्तींच्या पीठाने तेच मत कायम केले. या निकालात मला एक भाषेचा धडा दिसतो. सगळ्यांनाच ‘फार चांगला’ म्हणण्याची चाल पडली की ‘चांगला’ या शब्दाचा अर्थ ‘वाईट’ होतो. शब्द स्वस्त केले तर ते गरिबाच्याच हातात फुटतात.

शाबासकी कशाची द्यावी यातही फसगत आहे, आणि येथे आम्ही मास्तरांनी पुष्कळ नुकसान केले असावे. क्लॉडिया म्युलर आणि कॅरोल ड्वेक या दोघींनी १९९८ साली पाचवीच्या मुलांवर केलेले प्रयोग प्रसिद्ध केले. एक कोडे सोडविल्यावर काही मुलांना म्हटले, ‘तुम्ही हुशार आहात’; काहींना म्हटले, ‘तुम्ही कष्ट घेतले आहेत.’ नंतर कठीण कोडी घातली, त्यांत सगळेच चुकले. त्यानंतर पुन्हा सोपी कोडी दिली, तेव्हा ‘हुशार’ ठरलेली मुले पूर्वीपेक्षा मागे पडली आणि ‘कष्टाळू’ ठरलेली पुढे गेली. शिवाय ‘हुशार’ मुलांतील पुष्कळांनी आपले गुण दुसऱ्यांस सांगताना वाढवून सांगितले. हुशारीचा शिक्का एकदा बसला की तो पुसला जाईल या धाकाने माणूस अवघड काम टाळतो. कचेरीतही एखाद्याला ‘आमचा हिरा’ म्हणून ठेवले की तो हिरा चुका लपवू लागतो.

आता एक मोठा आक्षेप, आणि तो मी पंचवटीत राहतो म्हणून मला टाळता येत नाही. गोड शब्द ही हक्काची भरपाई होऊ शकत नाही. आमच्या काळाराम मंदिराच्या दाराशी २ मार्च १९३० रोजी डॉ. आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली सत्याग्रह सुरू झाला, आणि दादासाहेब गायकवाडांसारख्या कार्यकर्त्यांनी तो पाच वर्षांच्या सुमारास चालू ठेवला. त्या लोकांशी कोणी गोड बोलावे अशी त्यांची मागणी नव्हती. दार उघडावे अशी होती. जो मालक पगार थकवतो आणि दिवाळीला ‘आपण सारे एक कुटुंब’ म्हणून भाषण करतो, त्याच्या भाषणाची किंमत कामगार अचूक जाणतात. पोळ्याच्या बैलाचेही तसेच आहे : एक दिवस पुरणपोळी आणि उरलेले दिवस जू. याच पंचवटीत मार्केट यार्ड आहे. तेथे पाठीवर पोती वाहणाऱ्यांना पूर्वी नुसते ‘ए हमाल’ म्हणून पुकारीत. १९६९ साली माथाडी, हमाल व इतर श्रमजीवी कामगारांचा कायदा झाला, तेव्हा ‘माथाडी’ या शब्दाबरोबर मंडळाकडे नोंदणी, भविष्यनिर्वाह निधी आणि रजेचा पगारही आला. शब्दाला अशी पाठ मिळाली म्हणून तो टिकला. नुसते नाव बदलून कोणाचे ओझे हलके झाल्याचे दाखवून द्यावे.

तथापि हा आक्षेप दुसऱ्या टोकाला नेणेही बरोबर नाही. पगार वेळेवर दिला म्हणजे झाले, बोलावयाचे कशाला, असे म्हणणारे व्यवहारी गृहस्थ पुष्कळ भेटतात. बक्षिसाने काम भागते असेही त्यांना वाटते. लहान मुलांवर १९७३ साली झालेला एक प्रयोग त्यांनी पाहावा. चित्रे काढण्याची मुळातच आवड असलेल्या मुलांना ‘चित्र काढलेस तर रिबिनीचे प्रशस्तिपत्र देऊ’ असे आधी कबूल केले. प्रशस्तिपत्र मिळाले, आणि एकदोन आठवड्यांनी पाहिले तर त्या मुलांची चित्रे काढण्याची गोडी निम्म्यावर आली होती. ज्यांना आधी न सांगता ते दिले त्यांची गोडी मात्र कायम होती. आमिष आणि कौतुक एकाच कागदावर छापता येते, पण ती एक नव्हेत.

माझ्या स्वतःच्या हातून घडलेली एक गोष्ट सांगतो, कारण वरचे सगळे मी पुस्तकांतून शिकण्याआधी ती मला शिकवून गेली होती.

गोदाकाठच्या एका शाळेत मी काही वर्षे होतो. तेथे एक शिपाई बाई होत्या. आपल्याकडे शाळेत आणि दवाखान्यात अशा सर्व बायकांना ‘मावशी’ म्हणतात आणि पुरुषांना ‘मामा’. हे संबोधन प्रेमाचे आहे यात शंका नाही. पण त्याच्या आड माणसाचे नाव नाहीसे होते, हे माझ्या लक्षात यावयास फार वर्षे लागली. त्या निवृत्त झाल्या तेव्हा समारंभ ठरला. शाल, नारळ आणि मानपत्र. मानपत्र लिहिण्याचे काम, मराठी बरे म्हणून, माझ्याकडे आले. मी एका बैठकीत ते लिहून काढले. निष्ठावान, कर्तव्यतत्पर, सेवाभावी, हसतमुख. विशेषणे एकामागून एक येत गेली. समारंभ चांगला झाला. टाळ्या पडल्या.

चारआठ दिवसांनी त्या मला रामकुंडाजवळ भेटल्या. इकडचे तिकडचे बोलणे झाल्यावर सावकाश म्हणाल्या, ‘‘गुरुजी, नातवानं वाचून दाखवलं तुमचं मानपत्र. लई छान लिहिलंय. पण त्यात मी कुठंच न्हाई.’’

मी काहीतरी उत्तर दिले. त्या रागावल्या नव्हत्या. त्यांना एवढेच म्हणावयाचे होते. पण घरी येईपर्यंत माझ्या डोळ्यांपुढे २००८ सालचा सप्टेंबर उभा राहिला. गोदावरीला त्या वेळी किती पाणी आले होते हे नाशिककरांस सांगावयास नको. दुतोंड्या मारुतीवरून आम्ही पुराची पातळी मोजतो, आणि त्या दिवशी मोजण्यासारखे काही राहिलेच नव्हते. आम्ही शिक्षक मुलांना घरी पोचवून स्वतःच्या घरांच्या काळजीने निघून गेलो. या बाई मात्र शाळेत थांबल्या आणि त्यांनी कार्यालयाच्या कपाटातील सगळी जनरल रजिस्टरे एकटीने वरच्या मजल्यावर नेली. जनरल रजिस्टर म्हणजे काय, हे घरोघरी ठाऊक नसेल. शाळेत दाखल झालेल्या प्रत्येक मुलाचे नाव, जन्मतारीख, जन्मस्थळ, जात, सारे त्यात नोंदलेले असते. शाळा सोडल्याचा दाखला त्यावरून निघतो. पन्नास वर्षांनी कोणाला वयाचा पुरावा हवा असो, कोणाच्या नातवाला जातीचे प्रमाणपत्र पडताळून घ्यावयाचे असो, शोध येऊन थांबतो तो त्या पिवळ्या पानांशी. तळमजल्यावर पाणी शिरले. बाके, खडू, नकाशे गेले. रजिस्टरे राहिली. त्या वेळी मुख्याध्यापकांनी विचारले, ‘रजिस्टरे वाचली ना?’ कोणी तरी म्हणाले, ‘हो.’ आणि विषय संपला. मानपत्र लिहिताना मला हे आठवले नाही असे नाही. आठवण्याचा मी प्रयत्नच केला नाही. मला शोभिवंत शब्द सुचत होते, आणि ते सुचले म्हणजे पाहण्याची गरज वाटत नाही.

त्यांचे नाव मी येथे घेत नाही. या विषयावर बोलताना ते विचित्र दिसेल, पण त्यांना विचारल्यावाचून ते घेणे मला योग्य वाटले नाही.

मी नंतर एक कागद घेतला आणि त्यावर विशेषण न वापरता लिहिले. पुराचे साल, दिवस, कोणत्या कपाटातून किती रजिस्टरे किती जिन्यांवरून नेली, त्यांत सर्वांत जुने कोणत्या सालचे होते आणि ती वाचल्यामुळे पुढे काय काय शक्य झाले. पूर्ण नाव घातले, वडिलांचे नव्हे, नवऱ्याचे नव्हे, त्यांचे पहिल्याने. खाली सही केली आणि त्यांच्या घरी नेऊन दिला. नातवाने मोठ्याने वाचला. त्या भिंतीला टेकून ऐकत होत्या. वाचून संपल्यावर बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, ‘‘गुरुजी, दोन नंबरचं कपाट न्हवतं ते. तीन नंबरचं. दोन नंबरात खडू असायचे.’’

मी खिशातून पेन काढून तो आकडा दुरुस्त केला आणि त्यांच्या सांगण्यावरून दुरुस्तीपाशी पुन्हा सही केली.